‘सर्व्हर डाऊन’, पण कुठला सर्व्हर?

मागे बसलेल्यांना आवाज येतोय ना? बरं.

मागच्या व्याख्यानात आपण स्विच आणि राउटर यांतला फरक पाहिला. ज्यांचं ते हुकलं असेल त्यांच्यासाठी एका वाक्यात सांगतो: स्विच खोलीतल्या यंत्रांना एकमेकांशी जोडतो, राउटर त्या खोलीला बाहेरच्या जगाशी जोडतो. आजच्यापुरतं एवढं पुरे.

आजचा विषय एका आकड्याचा आहे. १६९.२५४. इंटरनेट बंद पडलं की संगणकवाला काळ्या खिडकीत काहीतरी टाइप करतो, हा आकडा दिसला की मान हलवतो, आणि बऱ्याचदा म्हणतो, ‘फॉरमॅट मारावं लागेल.’ (हशा) हसताय म्हणजे अनुभव आहे. तर हा आकडा येतो कुठून, तो कोण देतं, आणि तो खरं म्हणजे आपल्याला काय सांगत असतो, हे आज पाहू.

एक घडलेली गोष्ट सांगतो. जालना जिल्ह्यातलंच एक गाव. नाव घेत नाही. खरिपाच्या पीक विम्याचे अर्ज भरायचे शेवटचे दोन दिवस उरले होते. सेवा केंद्राबाहेर सकाळपासून रांग. प्रत्येकाच्या हातात सातबारा, आधार, बँकेचं पासबुक, पिशवीत गुंडाळून, कारण पाऊस भुरभुरत होता. अकराच्या सुमारास लाईट गेली. अर्ध्या तासाने आली. केंद्र चालवणाऱ्या पोराने दोन्ही संगणक चालू केले, कोपऱ्यात पिवळा त्रिकोण. बंद करून पुन्हा चालू केले, तोच त्रिकोण. मग त्याने दारात येऊन सांगितलं, ‘मामा, सर्व्हर डाऊन आहे. उद्या या.’ निम्मी रांग उठली. जे उठले त्यांना दुसऱ्या दिवशी मजुरी बुडवून परत यावं लागलं.

आम्ही त्या दिवशी शाळेच्या कामासाठी त्या गावात होतो. सहज डोकावलो. संगणकाचा पत्ता पाहिला तर १६९.२५४ ने सुरू होणारा. टेबलाखालच्या स्विचचे दिवे लुकलुकत होते. स्विचमधून निघालेली वायर भिंतीकडे हाताने चाचपत गेलो, तर भिंतीवरचा राउटर काळाठिक्कर. लाईट आल्या आल्या कोणीतरी मोबाइल चार्जिंगला लावला होता आणि त्यासाठी बोर्डातून राउटरचा अडॅप्टर काढून ठेवला होता. अडॅप्टर परत लावला, दोन-तीन मिनिटं थांबलो, काम सुरू.

म्हणजे ‘सर्व्हर डाऊन’ होता हे खरंच. फक्त तो मुंबईचा नव्हता, दिल्लीचाही नव्हता. तो चार हातांवर भिंतीला टांगलेला होता. आणि संगणक बिचारा त्याच्या भाषेत नेमकं हेच सांगत होता.

ही भाषा समजून घ्यायची तर आधी पत्ता म्हणजे काय ते पाहावं लागेल. आपला पिनकोड घ्या. जालन्याच्या मुख्य टपाल कार्यालयाचा ४३१२०३. १५ ऑगस्ट १९७२ ला ही पद्धत देशात सुरू झाली, आणि ती बसवण्यात ज्यांचा मुख्य हात होता ते श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्या कोकणातले, संस्कृतचे पंडित. पहिला ४ हा आकडा महाराष्ट्र आणि शेजारच्या भागाचा विभाग सांगतो, पहिले तीन मिळून टपालाची छाननी कुठे व्हायची ते सांगतात, शेवटचे तीन टपाल कार्यालय. गुवाहाटीच्या टपालखात्यातल्या माणसाला जालना कुठे आहे हे माहीत असायची गरज नाही. तो ४ पाहतो आणि पत्र त्या दिशेला ढकलतो.

संगणकाचा आयपी पत्ता याच जातीचा. टिंबांनी तोडलेले चार आकडे, प्रत्येक ० ते २५५ मधला. सुरुवातीचा भाग कुठल्या जाळ्यात जायचं ते सांगतो, शेवटचा भाग त्या जाळ्यातलं कुठलं यंत्र ते. घराघरांत, केंद्राकेंद्रांत १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते दिसतात. ते खोलीच्या आत वापरायचे खाजगी पत्ते असतात आणि राउटर त्यांच्या वतीने बाहेर बोलतो.

आता प्रश्न असा, की संगणक चालू केला तेव्हा त्याला हा पत्ता कोणी दिला? आपण तर टाइप केला नाही. तो देणाऱ्या व्यवस्थेचं नाव डीएचसीपी. लहान जागी हे काम भिंतीवरचा राउटरच करतो, मोठ्या कार्यालयात त्याच्यासाठी वेगळं यंत्र असतं. चार वाक्यांचा संवाद आहे. नवा संगणक खोलीभर हाळी देतो, ‘कोणी पत्ता देणारं आहे का?’ हाळी देताना त्याचा स्वतःचा पत्ता ०.०.०.० असतो, म्हणजे नावच नाही अजून. राउटर देकार देतो, ‘हा घे, १९२.१६८.१.१०.’ संगणक रीतसर मागणी करतो, ‘हाच मला द्या.’ राउटर मान्यता देतो, ‘दिला, अमुक इतका वेळ वापर.’ शोध, देकार, मागणी, मान्यता. जमीन बटाईने देतात तसा हा पत्ता मुदतीवर असतो, कायमचा नाही. मुदत निम्मी झाली की संगणक स्वतःहून ती वाढवून मागतो.

इथपर्यंत सरळ आहे. पण हाळी दिली आणि कोणीच ओ दिली नाही तर?

फार पूर्वी उत्तर असं होतं: काही नाही. संगणक बिननावाचा बसून राहायचा. दोन संगणक शेजारी शेजारी, मध्ये धड वायर, पण एकमेकांना फाइल देता यायची नाही, कारण दोघांनाही पत्ता नाही. मग कोणीतरी जाणकार येऊन हाताने आकडे टाकायचा. गंमत म्हणजे ॲपलचे मॅकिंटॉश संगणक १९८०च्या दशकातच त्यांच्या ॲपलटॉक नावाच्या जाळ्यात स्वतःचा क्रमांक स्वतः निवडत होते. वायर जोडली की प्रिंटर दिसायचा. आयपीच्या जगाला मात्र ही सोय यायला १९९८ उजाडलं. त्या वर्षी आलेल्या विंडोज ९८ मध्ये आणि मॅक ओएस ८.५ मध्ये ती आली. लिखित नियम त्यानंतर सात वर्षांनी, मे २००५ मध्ये, आरएफसी ३९२७ या क्रमांकाने प्रसिद्ध झाला. त्यावर तीन नावं आहेत, ॲपलचे स्टुअर्ट चेशायर, मायक्रोसॉफ्टचे बर्नार्ड अबोबा आणि सनचे एरिक गुटमन. बाजारात एकमेकांचे स्पर्धक असलेल्या तीन कंपन्यांची माणसं एका कागदावर. हे आम्हाला नेहमी आवडतं.

नियम काय आहे ते सांगायला आठवडी बाजार घेऊ. एरवी बाजारात ठेकेदाराचा माणूस असतो, तो जागा दाखवतो, पावती फाडतो. आज तो आलाच नाही. म्हणून बाजार भरायचा थांबतो का? नाही. भाजीवाली बाई टोपली घेऊन येते, मोकळी जागा बघते, पण लगेच पोतं अंथरत नाही. आधी शेजाऱ्यांना विचारते, ‘इथं कोणी बसतं का हो?’ थोडं थांबते, पुन्हा विचारते. कोणी काही बोललं नाही की पोतं टाकते आणि मोठ्यानं सांगते, ‘आज इथं आम्ही बसलोय बरं का.’

संगणक तंतोतंत हेच करतो. डीएचसीपीची वाट पाहून झाली की तो १६९.२५४ ने सुरू होणाऱ्या पत्त्यांतला एक स्वतः निवडतो. या पट्ट्यात एकूण ६५,५३६ पत्ते बसतात. त्यातले पहिले २५६ आणि शेवटचे २५६ राखून ठेवलेले आहेत, उरले ६५,०२४. निवडलेला पत्ता लगेच वापरायचा नाही. आधी एक सेकंदापर्यंत कितीही वेळ थांबायचं. मग एकेक-दोनदोन सेकंदांच्या अंतराने तीन वेळा खोलीभर विचारायचं, ‘हा पत्ता कोणाचा आहे का?’ हा प्रश्न विचारण्याची पद्धत एआरपी, ती १९८२ पासूनची, त्यासाठी नवीन काही शोधावं लागलं नाही. तीनदा विचारून उत्तर आलं नाही की दोन सेकंद थांबून दोनदा जाहीर करायचं, ‘हा पत्ता माझा.’ विचारायला लागल्यापासून जाहीर करेपर्यंत चार ते सात सेकंद.

यात एक बारकावा आहे, तो आम्हाला फार सुंदर वाटतो. पहिल्या तीन वेळा विचारताना संगणक ‘विचारणारा कोण’ या जागी ०.०.०.० लिहितो. आपला इच्छित पत्ता तिथे लिहीत नाही. का? कारण खोलीतली बाकीची यंत्रं ‘कुठला पत्ता कोणाकडे’ याची एक वही ठेवतात, आणि कोणी बोललं की त्यात नोंद करतात. समजा तो पत्ता आधीच दुसऱ्या कोणाचा निघाला, तर नुसत्या विचारण्याने सगळ्यांच्या वह्या बिघडतील आणि मूळ मालकाची टपाल चुकीच्या दारी जाईल. म्हणून आधी नाव न लावता विचारायचं. हक्क सांगायचा तो खात्री झाल्यावर.

आता कोणी विचारेल, दोघांनी एकच पत्ता निवडला तर? होऊ शकतं. पण किती वेळा, ते मोजून पाहू. एका जाळ्यात आधीच १,३०० यंत्रं अशी स्वतःहून बसलेली आहेत असं धरा. ६५,०२४ मध्ये १,३०० म्हणजे २ टक्के. नव्या यंत्राला पहिल्याच प्रयत्नात मोकळी जागा मिळायची शक्यता ९८ टक्के. नाही मिळाली तर दुसरा आकडा, आणि दोन प्रयत्नांत ती ९९.९६ टक्क्यांवर जाते. शाळेच्या खोलीत वीस संगणक असतील आणि सगळ्यांनी एकदम निवड केली, तरी त्यातल्या कुठल्याही दोघांचा आकडा जुळायची शक्यता शंभरात पाव टक्क्याच्या थोडी वर. पण हेच गणित तीनशे यंत्रांसाठी करा, निम्म्या वेळी कुठली तरी एक जोडी आपटणार. वीसला जवळजवळ शून्य आणि तीनशेला पन्नास टक्के, हे पटत नाही पटकन, कारण जोड्यांची संख्या यंत्रांपेक्षा फार वेगाने वाढते. वीस यंत्रांच्या जोड्या १९०. तीनशेंच्या ४४,८५०.

आपटले तरी बिघडत नाही. त्यासाठीही नियम आहे. विचारतानाच कळलं की दुसरा कोणी तोच पत्ता वापरतोय किंवा त्याच वेळी तोच विचारतोय, की सोडायचा आणि दुसरा घ्यायचा. आधीच घेऊन बसलो असताना कोणी भांडायला आला, तर एकदा सांगायचं, ‘माझा आहे.’ दहा सेकंदांच्या आत तो पुन्हा आला तर वाद न घालता उठायचं. आणि लागोपाठ दहा वेळा आपटलो तर घाई करायची नाही, मिनिटाला एकच प्रयत्न. नाहीतर एखादं बिघडलेलं यंत्र सगळ्या खोलीला ओरडून ओरडून जेरीस आणेल.

आणि आता आपल्या भागाचा खास मुद्दा. लाईट. भारनियमन संपून लाईट आली की खोलीतले सगळे संगणक एकाच क्षणी उठतात. पत्ता ‘स्वैर’ निवडायचा म्हणजे यंत्राला कुठून तरी एक सुरुवातीचा आकडा घ्यावा लागतो. तो जर घड्याळावरून घेतला, तर एकदम उठलेली यंत्रं एकच आकडा घेणार, एकच पत्ता निवडणार, आपटणार, मग दुसराही एकच निवडणार, पुन्हा आपटणार. वीस पोरांना ‘मनात एक आकडा धरा’ म्हटलं आणि सगळ्यांनी फळ्यावरची तारीख धरली, तसं. म्हणून नियमकर्त्यांनी स्पष्ट सांगितलं, घड्याळावर विसंबू नका. प्रत्येक नेटवर्क कार्डावर कारखान्यातच एक वेगळा क्रमांक कोरलेला असतो, मॅक ॲड्रेस, त्यावरून सुरुवात करा. याचा दुसरा फायदा असा की तेच यंत्र पुढच्या वेळी बहुधा तोच पत्ता निवडतं.

लाईटचा दुसरा प्रकार याहून नेहमीचा. संगणक आणि राउटर एकाच वेळी चालू होतात, पण राउटरला पूर्ण जागं व्हायला एक-दोन मिनिटं लागतात. संगणक त्याआधी हाळी देऊन बसतो. उत्तर नाही, मग १६९.२५४. तेवढ्यात राउटर तयार होतो, पण संगणकाला ते लगेच कळत नाही. विंडोज साधारण दर पाच मिनिटांनी पुन्हा विचारून पाहतो. ही पाच मिनिटं फार महाग असतात. कारण याच पाच मिनिटांत दारात येऊन ‘उद्या या’ म्हटलं जातं. वायर काढून परत लावली, किंवा वायफाय बंद करून चालू केलं, की संगणक लगेच नव्याने विचारतो. एवढंच करायचं असतं.

मग १६९.२५४ मिळाला तर इंटरनेट का चालत नाही? पत्ता तर आहे. कारण हा गल्लीतला पत्ता आहे. ‘मारुतीच्या देवळामागचं घर’ हा पत्ता गावात चालतो, पाकिटावर चालत नाही, कारण मारुतीचं देऊळ गावोगावी आहे. तसंच १६९.२५४ मधला एखादा पत्ता या क्षणी परतूरच्या एखाद्या खोलीतही असेल आणि ब्राझीलमध्येही. म्हणून जगातल्या राउटरांना नियम आहे की या पत्त्याचं टपाल पुढे पाठवायचंच नाही. शिवाय बाहेर पडायचं दार कुठलं, हेही डीएचसीपीच सांगत असतो. तो बोललाच नाही, तर दार माहीत नाही. पण गल्लीत सगळं चालतं. दोन लॅपटॉप एका वायरने जोडा, काहीही न करता दोघं १६९.२५४ घेतील आणि फाइल इकडून तिकडे जाईल. ही सोय आहे, बिघाड नाही, हे आम्ही मुद्दाम सांगतो.

आता कामाची गोष्ट. पिवळा त्रिकोण दिसला की आधी पत्ता पाहा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग’ टाइप केलं की दिसतो. पत्ता १९२.१६८ ने सुरू होणारा, नेहमीचा असेल, तर खोलीतली व्यवस्था बहुधा ठीक आहे, गडबड राउटरच्या पलीकडे आहे: फायबर तुटली, कंपनीकडे बंद आहे, किंवा खरोखरच त्या संकेतस्थळाचा सर्व्हर बसलाय. तेव्हा ‘उद्या या’ म्हणायला हरकत नाही. केबल जोडलेलीच नाही असा संदेश असेल तर वायर पाहा. आणि १६९.२५४ असेल, विंडोज त्याच्यापुढे ‘ऑटोकॉन्फिगरेशन’ असंही लिहितं, तर त्याचा अर्थ असा: माझं कार्ड चालू आहे, समोर वायर कुठल्या तरी जिवंत यंत्रात गेलेली आहे, मी हाळी दिली, पण पत्ता देणारा बोलला नाही. दोष या खोलीत किंवा या इमारतीत शोधा.

राउटर बंद असू शकतो, स्विच आणि राउटरमधली वायर उंदराने कुरतडलेली असू शकते. आमच्या पाहण्यात ही दोन कारणं सगळ्यात जास्त. तिसरं कारण चकवा देणारं आहे. राउटर चालू आहे, पण त्याच्याकडचे पत्ते संपलेत. समजा त्याला शंभर पत्ते वाटायची मुभा आहे आणि मुदत एक दिवसाची. सभागृहात कार्यक्रम झाला, शंभर जणांनी वायफायचा पासवर्ड विचारून घेतला. माणसं जेवून घरी गेली, पत्ते मात्र दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांच्याच नावावर. सकाळी कार्यालयाचा संगणक चालू केला तर राउटर गप्प. अशा जागी मुदत तासा-दोन तासांची ठेवावी.

इथे एका सवयीबद्दल बोललं पाहिजे. पुष्कळ दुरुस्तीवाले १६९.२५४ दिसला की हाताने १९२.१६८.१.१० असा पत्ता टाकून देतात. मधली वायर कुरतडलेली असेल तर त्याने काहीच होत नाही. पण राउटरकडचे पत्ते संपलेले असतील तर काम चालू होतं, गिऱ्हाईक खूश. पण राउटरला हे कोणी सांगितलेलं नसतं. पुढे तो तोच पत्ता दुसऱ्या कोणाला देतो, आणि मग दोन यंत्रं आळीपाळीने बंद पडतात, आठवड्यातून दोनदा, कधी प्रिंटर, कधी संगणक. तो बिघाड शोधणं फार अवघड. हाताने द्यायचाच असेल तर राउटर वाटतो त्या पट्ट्याबाहेरचा द्या आणि भिंतीवर लिहून ठेवा. फॉरमॅटबद्दल तर काय बोलायचं. फॉरमॅटने भिंतीवरचा अडॅप्टर बोर्डात जात नाही. (हशा)

केंद्र सरकारने २०११ साली ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायची योजना मंजूर केली, तीच पुढे भारतनेट म्हणून ओळखली गेली. शेकडो किलोमीटर फायबरची काळजी घेणारी यंत्रणा आहे, तक्रार नोंदवायला क्रमांक आहे. राउटरपासून टेबलापर्यंतचे शेवटचे दहा फूट मात्र कोणाच्याच यादीत नसतात. ते तुमचेच. म्हणून राउटरचा प्लग वेगळ्या बोर्डावर घ्या, त्यावर चिकटपट्टी लावून ‘काढू नये’ लिहा, आणि इन्व्हर्टर असेल तर संगणकाच्या आधी राउटर त्यावर टाका. त्याला वीज लागतेच किती.

काही प्रश्न आहेत का?

(श्रोत्यांतून: मोबाइलला पण असाच पत्ता मिळतो का?)

आयफोन घेतो. अँड्रॉइड साधारणपणे घेत नाही. तो ‘आयपी पत्ता मिळवत आहे’ असं म्हणत थोडा वेळ थांबतो आणि वायफाय सोडून देतो. कारण मोबाइलला त्या वायफायकडून इंटरनेटच हवं असतं, आणि ते नसेल तर त्याच्याकडे सिमचा रस्ता असतो. म्हणून मोबाइल ‘मिळवत आहे’वर अडकला आणि त्याच वेळी संगणकावर १६९.२५४ असेल, तर दोघांचं दुखणं एकच समजा.

(श्रोत्यांतून: नव्या आयपीव्ही६ मध्ये हे गेलं का?)

उलट वाढलं. तिथे प्रत्येक यंत्र स्वतःचा गल्लीतला पत्ता नेहमीच तयार करतं, देणारा असो वा नसो. तो एफई८० ने सुरू होतो. बाहेरच्या पत्त्यासाठीही राउटरने बऱ्याचदा फक्त जाळ्याचा पुढचा भाग जाहीर करायचा असतो, उरलेला भाग यंत्र स्वतः जोडून घेतं. आयपीकॉन्फिग केल्यावर एफई८० ची ओळ दिसली म्हणून घाबरू नका. ती ठणठणीत संगणकावरही असते. दोष शोधायला तिचा उपयोग नाही, १६९.२५४ चा आहे.

(श्रोत्यांतून: आमच्या शाळेत प्रिंटरच्या कागदावर हा १६९ चा आकडा छापून येतो. संगणकावर मात्र १९२ चा आहे. प्रिंट निघत नाही.)

मग संगणकाला राउटरने पत्ता दिलाय आणि प्रिंटरला मिळालेला नाही. दोघांच्या गल्ल्या वेगळ्या झाल्या, म्हणून बोलणं नाही. प्रिंटर राउटरच्या आधी चालू झाला असेल. आधी प्रिंटर बंद करून परत चालू करा आणि तो कागद पुन्हा काढा. आकडा बदलला तर झालं. नाही बदलला तर प्रिंटरची वायर स्विचच्या दुसऱ्या भोकात लावून बघा. तरी नाही झालं, तर तो कागद घेऊन व्याख्यानानंतर थांबा, आपण मिळून पाहू.